केशवराव जेधे आणि पुण्याचें राजकारण

स्वारगेटहून गांवोगांवच्या मोटारी सुटतात, तेथल्या चौकाला केशवराव जेधे यांचें नांव आहे. रोज तेथून जाणाऱ्यांना या नांवापलीकडे फारसें ठाऊक नसतें. आणि ज्यांना ठाऊक असतें ते बहुधा एवढेंच सांगतात कीं, या गृहस्थांनीं आयुष्यांत पक्ष फार बदलले. आक्षेप खोटा नाहीं. ब्राह्मणेतर पक्ष, काँग्रेस, शेतकरी कामगार पक्ष आणि पुन्हां काँग्रेस, असा तो प्रवास आहे. परंतु माणूस घर सोडतो तो कशासाठीं, हें पाहिल्यावांचून त्याला चंचल म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

केशवरावांचा जन्म २१ एप्रिल १८९६ चा, पुण्याचाच. घराणें तांब्यापितळेच्या धंद्यांतलें. शुक्रवार पेठेंतील जेधे मॅन्शन हें ब्राह्मणेतर चळवळीचें पुण्यांतलें बिऱ्हाड होतें, असें म्हटलें तरी चालेल. गणेशोत्सवांतील मेळे हें लोकमान्यांच्या काळापासून राजकीय प्रचाराचें साधन होतें. १९२२ च्या सुमारास जेधे मंडळींनीं छत्रपति मेळा काढून तेंच साधन उलट्या बाजूस वापरलें. ज्यांच्या हातीं उत्सव, त्यांच्यावरच उत्सवांतून टीका! सदाशिव आणि नारायण पेठेंत त्या पदांनीं किती खळबळ उडाली असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

१९२४ सालीं मंडईंत टिळकांचा पुतळा उभा राहिला. पुढच्याच वर्षीं केशवराव नगरपालिकेंत निवडून गेले आणि जोतीराव फुले यांचाहि पुतळा व्हावा, असा प्रस्ताव त्यांनीं आणला. तो मान्य झाला नाहीं. १८४८ सालीं याच शहरांत मुलींची शाळा काढणाऱ्या माणसाचा पुतळा शहराच्या कारभाऱ्यांना नको झाला. त्या रागांतून दिनकरराव जवळकरांचें 'देशाचे दुश्मन' हें पुस्तक निघालें. प्रकाशक केशवराव. चिपळूणकर आणि टिळक यांच्यावर त्यांत जी भाषा वापरली आहे ती आज वाचतांनाहि अंगावर येते आणि तिचें समर्थन मी करणार नाहीं. खटला झाला, शिक्षा झाली. १९२६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं अपील चालविलें व शिक्षा रद्द झाली.

पण याच बाबासाहेबांनीं पुढच्या वर्षीं केशवरावांना नकार दिला, हें विसरून चालणार नाहीं. महाडच्या सत्याग्रहास पाठिंबा देण्यास जेधे-जवळकर तयार होते. अट एकच : त्यांत ब्राह्मणांना घेऊं नये. आमचें भांडण ब्राह्मण्याशीं आहे, ब्राह्मण व्यक्तींशीं नाहीं, अशी भूमिका घेऊन बाबासाहेबांनीं ती अट झिडकारली. माझ्या मतें केशवरावांच्या साऱ्या राजकारणांतील हा सर्वांत उणा क्षण होय.

आणि तरीहि तीन वर्षांनीं हेच केशवराव कायदेभंगाच्या चळवळींत काँग्रेसबरोबर दिसतात. हें कसें झालें? द्विदल राज्यपद्धतींत ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना मुंबई सरकारांत मंत्रिपदें मिळालीं होतीं, पण तेवढ्यानें खेड्यांतला कुणबी कर्जांतून सुटला नाहीं. १९२९ नंतरच्या मंदींत धान्याचे भाव कोसळले आणि सारा मात्र भरावाच लागे. सरकारच्या मेहरबानीवर चालणाऱ्या पक्षांत राहून सरकारशीं झगडणार कसें? गांधीजींची काँग्रेस आतां टिळकपंथीयांची उरली नव्हती, हेंहि त्यांनीं ओळखलें. तुरुंगवास आला, तोहि त्यांनीं पत्करला.

येथेंच काकासाहेब गाडगीळ भेटतात. एक पुण्याचा ब्राह्मण वकील, दुसरा कालपर्यंत ब्राह्मणांना नको म्हणणारा. १९३४ च्या निवडणुकींत दोघेहि मध्यवर्ती कायदेमंडळांत गेले आणि जेधे-गाडगीळ अशी जोडनांवें महाराष्ट्राच्या तोंडीं बसलीं. महाडच्या अटीला केशवरावांनीं दिलेलें हें उशीराचें उत्तर, असें मला वाटतें. बहुजन समाज काँग्रेसमध्यें आणण्याचें श्रेय या जोडीला दिलेंच पाहिजे. पुढें केशवराव प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले, घटना समितीचे सभासदहि झाले.

मग १९४८ सालीं ते बाहेर कां पडले? स्वराज्य आलें, पण काँग्रेस भांडवलवाल्यांच्या हातीं गेली आणि शेतकरी होता तेथेंच राहिला, असें त्यांना व शंकरराव मोरे यांना वाटलें. शेतकरी कामगार पक्ष निघाला. १९५० च्या दाभाडी अधिवेशनांत त्या पक्षानें मार्क्स-लेनिनचा मार्ग धरला. जेधे मॅन्शनच्या ओसरीवर वाढलेल्या माणसाचा तो पिंड नव्हता. १९५२ च्या निवडणुकींत पक्षाला मोठें यश लाभलें नाहीं, आणि १९५४ सालीं ते काँग्रेसमध्यें परतले.

तेथेंहि ते स्वस्थ बसले नाहींत. १६ जानेवारी १९५६ रोजीं पंडित नेहरूंनीं मुंबई केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचें जाहीर केलें. तीन आठवड्यांनीं, ६ फेब्रुवारीस, पुण्यांत सर्वपक्षीयांची सभा भरली आणि तींत संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली. कॉम्रेड डांगे अध्यक्ष झाले, एस. एम. जोशी चिटणीस. सभेच्या अध्यक्षस्थानीं केशवराव होते आणि सभेची जागा होती टिळक स्मारक मंदिर. 'देशाचे दुश्मन' काढून तीस वर्षें लोटलीं होतीं. मंडईलाहि मधल्या काळांत महात्मा फुल्यांचें नांव मिळालें होतें. टिळकांचा पुतळा तेथेंच आहे.

१९५७ सालीं बारामतीहून केशवराव लोकसभेवर गेले. १२ नोव्हेंबर १९५९ रोजीं त्यांचें निधन झालें. मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालें तें त्यानंतर साडेपांच महिन्यांनीं, १ मे १९६० रोजीं.