राजधानीची धूळभेट

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी आमच्याकडे आला. आतां तो गेवराई तालुक्यांतील एका शाळेंत शिक्षक आहे. तो, त्याची पत्नी व दोन मुलें असा चौघांचा हैदराबादेस जाण्याचा बेत ठरला होता. मुलांनीं बीड व परळी यांपेक्षां मोठें गांव कधीं पाहिलेलें नव्हतें, आणि हातीं दिवस अवघे तीन. त्यानें मोबाइलवरून उतरून घेतलेली एक जंत्री आमच्यापुढें ठेवली. तींत एकवीस स्थळें होतीं. "सर, यांतलीं कोणतीं गाळूं तेवढें सांगा," असें तो म्हणाला. घरच्या वडील माणसांना विचारलेंस काय, असें आम्हीं म्हणतांच तो किंचित् घुटमळला. "आजी म्हणते, त्या शहरांत पाहण्यासारखें आहे काय?"

या आजींचें वय नव्वदीच्या घरांत आहे. १९४८ सालीं रझाकारांच्या धामधुमींत त्यांच्या माहेरच्या मंडळींनीं एका रात्रींत गांव सोडून नगर जिल्ह्याच्या हद्दींत आसरा घेतला होता. त्या वेळीं त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. पाठीमागें राहिलेलें घर आणि दावणीला सोडलेल्या दोन गाई एवढेंच हैदराबादचें चित्र त्यांच्या मनांत राहिलें. अशा बाईच्या प्रश्नाला उत्तर दिल्यावांचून एकवीसांचीं सात स्थळें करणें आम्हांला प्रशस्त वाटेना. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा आम्हीं केलेला प्रयत्न होय.

परगांवीं जाऊन काय पाहावें व कोणत्या क्रमानें पाहावें, हें शास्त्र आपल्या लोकांना नवें नाहीं. क्षेत्रास गेलेला यात्रेकरू अंगावरची धूळ झटकण्यापूर्वीं देवाची भेट घेतो; हीच ती धूळभेट. स्नान, पूजा, इतर देवालयें हीं त्यानंतर. महानुभावांची चौदाव्या शतकांतील स्थानपोथी तर केवळ याच कामासाठीं रचली गेली. चक्रधरस्वामी कोणत्या गांवीं उतरले, कोठें बसले, याची तींत इतकी बारीक नोंद आहे कीं, श्रद्धावंतानें ती हातीं धरून गोदातीर चालत जावें. पुढें इंग्रजी अमदानींत दृष्टि पालटली. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं आणि नारायण विष्णु जोशी यांचें 'पुणें शहराचें वर्णन' १८६८ सालीं प्रसिद्ध झालें. आतां देवासाठीं नव्हे, शहरासाठींच शहर पाहावयाचें, हा विचार मराठींत रुजला. या नव्या दृष्टीचे लाभ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु एक गोष्ट तींत निसटली. क्षेत्रांतील प्रत्येक स्थळ यात्रेकरूला 'तुझा माझा संबंध काय' हें सांगत असे. शहराची जंत्री तें सांगत नाहीं. एकवीस स्थळें पाहून परत आलेल्या मुलाला विचारावें, तर त्याला एकवीस छायाचित्रें आठवतात आणि शहर आठवत नाहीं, याचें कारण हेंच असावें.

म्हणून आमचा पहिला प्रश्न असा कीं, बीडच्या माणसाचें 'मोठें शहर' कोणतें? याचें उत्तर इतिहासानें इतक्या वेळां बदललें आहे कीं, बीड जागच्या जागीं राहिलें आणि राजधान्या मात्र त्याच्याभोंवतीं फिरल्या, असें म्हणावयास हरकत नाहीं. यादवांच्या काळीं देवगिरी हें तें शहर होतें. १३२७ सालीं महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी तेथेंच आणून तिला दौलताबाद हें नांव दिलें. याच सुलतानाचा एक दांत बीड मुक्कामीं पडला व तो त्यानें समारंभानें पुरविला, असें फिरिश्ता लिहितो. दांतावरची ती घुमटी बीडजवळील टेकडीवर दाखविली जाते. दिल्लीपतीचें बीडला पोंचलेलें राज्य तें एवढेंच, असें कोणी थट्टेनें म्हणावें! पुढें निजामशाहींत बीडचें तोंड अहमदनगराकडे वळलें. १५८२ सालीं बांधलेली खजाना बावडी त्या काळची साक्ष आजहि देते. मग मोंगल आले, आणि १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारींत औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, दख्खनचें मुख्य ठाणें झालें.

यानंतरचा फेरबदल बीड जिल्ह्याच्याच भूमीशीं निगडित आहे. १७६३ च्या उन्हाळ्यांत निजामअलीच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. त्याच वर्षीं १० ऑगस्ट रोजीं गोदावरीकांठीं राक्षसभुवन येथें थोरल्या माधवरावांनीं त्याचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला. निजामाची राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस गेली ती याच सुमारास. आमच्या विद्यार्थ्याची शाळा ज्या गेवराई तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांत हें राक्षसभुवन. लढाई मराठ्यांनीं जिंकली. परंतु बीडचा मुलूख पुढें निजामाच्याच राज्यांत राहिला, आणि त्याची राजधानी हाकेच्या अंतरावरून शेंकडों मैल दूर गेली!

दूर गेलेल्या राजधानीचा अनुभव कसा असतो, हें बीडकरांनीं जवळजवळ दोन शतकें घेतलें. १९०० सालीं हैदराबाद-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. तो जालना, परभणी, नांदेड असा गेला. बीड बाजूलाच राहिलें. बीडचा माणूस प्रथम जालन्यास जाई आणि तेथून गाडींत बसे. तो जाई तो शहर पाहावयास नव्हे. दाव्याचें अपील असे, नोकरीचा अर्ज असे, मुलाला उच्च शिक्षणासाठीं ठेवावयाचें असे. न्यायालयाची भाषा उर्दू, १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषाहि उर्दू. आपल्याच राजधानींत आपली भाषा दाराबाहेर ठेवून आंत शिरावयाचें, ही त्या प्रवासांतील खरी दगदग होती. त्याच शहरांत केशवराव कोरटकरांसारख्यांनीं विवेकवर्धिनी ही मराठी शाळा नांवारूपास आणली आणि पुढें ते तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीशहि झाले, ही गोष्ट मात्र विसरतां कामा नये. राजधानी परकी होती खरी. पण आपल्या माणसांनीं तींत एक ओसरी उभी केली होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला. विद्यापीठ १९५८ सालीं आणि उच्च न्यायालयाचें खंडपीठ १९८१ सालीं औरंगाबादेस झालें, तेव्हां हैदराबादची वाट मोडली ती मोडलीच. बीड शहरास प्रवासी गाडी मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, आणि तीहि अहिल्यानगराकडे, पश्चिमेकडे जाणारी! आजच्या बीडकर तरुणाला पुण्याचे रस्ते ठाऊक असतात. ज्या शहरांतून त्याच्या पणजोबाच्या शेतसाऱ्याचे हुकूम सुटले, तें मात्र त्याला केवळ बिर्याणीसाठीं ठाऊक असतें.

आतां आजींच्या प्रश्नाकडे वळूं. त्यांचें दुःख खरें आहे, आणि तें त्यांनीं विसरावें असें सांगण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. परंतु शहर आणि त्या शहरांतून चालणारी सत्ता हीं दोन वेगळीं असतात. १६७७ सालीं कर्नाटकाच्या स्वारीवर जातांना शिवाजीमहाराज याच भागानगरांत सन्मानाचे पाहुणे होते. 'इमरोज' या उर्दू पत्राचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याचा ऑगस्ट १९४८ मध्यें याच शहरांत खून झाला. कां, तर त्यानें रझाकारांविरुद्ध आणि भारतांतील विलीनीकरणाच्या बाजूनें लिहिलें. उलट पक्षीं, पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यांतील कित्येक निरपराध मुसलमान कुटुंबांनाहि घरेंदारें सोडावीं लागलीं, हेंहि सांगितल्यावांचून इतिहास पुरा होत नाहीं. ज्या शहराविषयीं मनांत राग आहे, तें न पाहिल्यानें राग कमी होत नाहीं. तो फक्त नातवंडांकडे कारणावांचून जातो.

या दृष्टीनें आम्हीं त्या जंत्रीचा संक्षेप केला. प्रवास परळी वैजनाथहून, उदगीर, बीदर, विकाराबाद या मार्गानें. दिवस शनिवार ते सोमवार, कारण सालारजंग संग्रहालय शुक्रवारीं बंद असतें. पहिल्या दिवशीं सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं गोवळकोंडा. फत्ते दरवाज्याच्या कमानीखालीं टाळी वाजवावी आणि ती वर बालेहिसारावर ऐकूं यावी, हा चमत्कार मुलांना कोणत्याहि व्याख्यानापेक्षां अधिक शिकवील. औरंगजेबाला हा किल्ला घेण्यास १६८७ सालीं आठ महिने लागले, तें कां, हें तट पाहिल्यावर कळतें. तेथून जवळच कुतुबशाही घुमट. संध्याकाळीं हुसेनसागर. तेथील बुद्धाची मूर्ति १९९० सालीं बेटाकडे नेतांना तळ्यांत बुडाली व १९९२ सालीं वर काढून उभी केली. ही कथा नावेंत बसून सांगावी.

दुसऱ्या दिवशीं १५९१ सालचा चारमिनार व मक्का मशीद. तेथून पायींच सालारजंग संग्रहालय, १९२० सालीं उघडलेली उच्च न्यायालयाची इमारत आणि मुशी नदी. न्यायालय आंत जाऊन पाहावयाचें नाहीं. समोर उभें राहून 'आपल्या गांवचे दावे येथवर येत' एवढें मुलांना सांगावयाचें. नदीपलीकडे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारांत एक जुनें चिंचेचें झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरांत सुमारें दीडशें माणसें त्यावर चढून वांचलीं. याच पुरानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण झालें, आणि त्यांच्या योजनेंतून उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले. बीडच्या मुलांना अवर्षण ठाऊक. पाण्यानें बुडालेली राजधानी त्यांनीं अवश्य पाहावी. तिसऱ्या दिवशीं उस्मानिया विद्यापीठाची १९३९ सालची भव्य इमारत. १९३८ च्या अखेरीस 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांना या विद्यापीठानें काढून टाकलें, त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. शेवटीं बेगमपेठेंतील स्वामी रामानंद तीर्थ यांची समाधि. अंबेजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत मुख्याध्यापकी करणारा हा संन्यासी १९३८ सालीं हैदराबादेस जाऊन सत्याग्रहांत पडला, आणि पुढें सबंध संस्थानाच्या मुक्तिलढ्याचा नायक झाला.

रामोजी चित्रनगरी आम्हीं गाळली, कारण तिला तीनांतला एक सबंध दिवस लागतो. विद्यार्थ्याचें तोंड जरा उतरलें. परंतु हुसेनसागरावरील नावेनें मुलांची समजूत पटेल असें त्यानें कबूल केलें.

आठ दिवसांनीं त्याचा निरोप आला. त्यानें ती टिपणी आजींना मोठ्यानें वाचून दाखविली होती. गुडघ्यांमुळें त्यांना जाणें शक्य नाहीं, आणि जाण्याची इच्छा आहे असेंहि त्या म्हणाल्या नाहींत. सगळें ऐकून झाल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, अंबेजोगाईच्या मास्तरांची समाधि शेवटच्या दिवशीं कां? "गाडींतून उतरलांत कीं आधीं तेथें जा. सामान मग ठेवा."

धूळभेटीचें महत्त्व या लेखांत आम्हीं पानभर सांगितलें, आणि क्रम लावतांना आम्हीच तें विसरलों! आजींची दुरुस्ती आम्हीं मान्य केली आहे. वाचकांपैकीं कोणी आपल्या मुलांना पहिलें मोठें शहर दाखविण्याच्या विचारांत असतील, तर त्यांनींहि आपली जंत्री घरांतील सर्वांत वृद्ध माणसास एकदां वाचून दाखवावी, एवढीच आमची सूचना आहे.