रेडिओचा कान

रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याला आमच्या देवळीत ‘रेडिओचा कान पिळणं’ म्हणत. मेकॅनिक त्याच भागाला ‘व्हॉल्यूम कंट्रोल’ म्हणतो आणि पुस्तकात त्याचं नाव ‘पोटेन्शिओमीटर’.

हा कान रेडिओपेक्षा कितीतरी जुना आहे. 1841 साली जर्मनीत योहान पोगेनडॉर्फ यांनी विजेचा दाब मोजण्याची एक पद्धत मांडली. त्यातूनच पोटेन्शिओमीटर आला. तारेवरून संपर्क सरकवायचा आणि दाबाचा हवा तेवढा हिस्सा घ्यायचा. पुढे 1860 साली गुस्ताव फेख्नर यांनी माणसाच्या संवेदनेचा नियम सांगितला. बाहेरचा उद्दीपक गुणाकारानं वाढतो, तेव्हा आपली जाणीव बेरजेनं वाढते. ध्वनीची शक्ती दहापट झाली, तरी कानाला तो साधारण दुप्पटच वाटतो. या दोघांची गाठ पडली ती रेडिओच्या बटणात.

1948 साली नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि विदर्भाच्या गावागावांत रेडिओची ओढ लागली. तेव्हा रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे. हौशी मंडळी सुटे भाग आणून घरीच सेट आणि अॅम्प्लिफायर जोडत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड तर त्यांची पंढरीच होती.

कंट्रोल निवडताना दोन गोष्टी पाहायच्या. पहिली किंमत, म्हणजे रोध. व्हॉल्व्हच्या सेटला बहुधा 500 किलो-ओहम किंवा 1 मेगओहम लागे, ट्रान्झिस्टरला 5 किंवा 10 किलो-ओहम. दुसरी गोष्ट चाल. ‘लिनिअर’ कंट्रोल बसवला, तर थोडं फिरवताच आवाज एकदम चढतो आणि उरलेल्या फेऱ्यात फारसा फरक जाणवत नाही. ‘लॉग’ कंट्रोल कानाच्या चालीनं चालतो. आजच्या बहुतेक मालावर लॉगला ‘ए’ आणि लिनिअरला ‘बी’ लिहितात. जुन्या मालात हे उलटही असे. म्हणून दांडी मध्यावर ठेवून मीटर लावावा. दोन्ही बाजू सारख्या भरल्या तर लिनिअर.

आता बिघाड. आवाज कमीच होत नसेल, तर कंट्रोलचं अर्थिंगचं टोक तुटलेलं असण्याची शक्यता मोठी. फिरवताना खरखर आली, तर कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली असेल किंवा पट्टी झिजली असेल. धूळ असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं काम भागतं. पण नवा कंट्रोल घालूनही खरखर परतली, तर अलीकडचा कपॅसिटर तपासावा. तो गळका झाला की डीसी वीज पट्टीवर येते आणि बटण बोलू लागतं. खोट एकाची, बदनामी दुसऱ्याची. मात्र व्हॉल्व्हचा सेट जाणकाराकडूनच उघडावा. प्लग काढल्यावरही त्यातला विजेचा साठा धक्का देऊ शकतो.

आज अनेक यंत्रांतलं बटण कुठेच न थांबता गोल फिरतं आणि आवाजाचा हिशेब चिप करते. तिलाही फेख्नरचाच नियम पाळावा लागतो. मी कविता लिहितो, आवाज चढवण्यापेक्षा तो बेतात ठेवणं कठीण, हे मला ठाऊक आहे. आपल्या घरोघरी वडिलांचे, आजोबांचे रेडिओ केवळ ‘खरखर करतो’ म्हणून भंगारात चालले आहेत. त्यांतले कित्येक एका स्वस्त कपॅसिटरनं पुन्हा बोलू लागतील. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा मेकॅनिकला दाखवा.