पाळकाच्या हाती अभंग देणारे टिळक

सातिवलीहून आमच्या बचत गटाचे तुम्हाला राम राम आणि जय ख्रिस्त, ज्याला जे रुचेल ते.

वसईत ख्रिस्ती धर्म म्हटले की किल्ला, पोर्तुगीज आणि कॅथलिक देवळे आठवतात. आज प्रोटेस्टंट मंडळींबद्दल बोलू. त्यांच्यात गावोगाव फिरणारा उपदेशक असतो आणि गावात राहणारा पाळक असतो. उपदेशक सभा गाजवून पुढच्या गावाला जातो. मयत, आजारपण, भांडणतंटा मात्र पाळकाने निस्तरायचा. आम्हाला हे ओळखीचे वाटते. गटाला शिकवायला येणाऱ्या ताई दोन दिवसांनी जातात, वही मात्र आमच्यातल्याच कुणाला लिहावी लागते.

मराठी नव्या कराराची छपाई झाली ती दूर बंगालात, श्रीरामपूरला. विल्यम कॅरी हे बॅप्टिस्ट मिशनरी, पूर्वी जोडे शिवणारे. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८११ मध्ये नवा करार छापला. पुढे अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले, मराठी शिकले, खेडोपाडी फिरले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या फेरीतच पटकीने गेले.

पुस्तक आले, शाळा आल्या. पण खेड्यातल्या उपासनेला येणाऱ्या बाईला अक्षर कुठे येत होते? गाणी इंग्रजी चालींवरची, ती तिच्या तोंडी बसेनात. आणि पाळकाचा पगार मिशनचा, म्हणजे परक्याच्या खिशातला.

इथे रेव्हरंड नारायण वामन टिळक येतात. जन्म १८६१, कोकणातल्या ब्राह्मण घरातला. १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नगर आणि राहुरीकडे त्यांनी काम केले. ख्रिस्ती कीर्तन नगरकडे त्यांच्या आधीही होते, पण टिळकांनी त्यात जीव ओतला. ओवी, अभंग, भजन, म्हणजे जात्यावर आणि दिंडीत आपल्या आयाबायांच्या तोंडी जे होते तेच. पेटी नसली तरी चालते, टाळ पुरतात. उपदेशक गेला तरी पाळकाकडे गाणे उरते आणि बायका ते पाठ करतात. त्यांची शंभराहून अधिक गीते आजही मराठी उपासनेत गायली जातात. सभा गाजवण्यापेक्षा हे काम मोठे, असे आमचे मत.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. इथल्या माणसांनी आपल्या बळावर, आपल्या रीतीने ख्रिस्ताला भजावे, ही त्यांची इच्छा. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले.

आता घरचे बोलू, कारण घर लक्ष्मीबाई चालवत होत्या. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या कितीतरी वर्षे वेगळ्या राहिल्या, मग स्वतः विचार करून १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, दारी पाहुणे ठरलेले. हे सगळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मिश्कीलपणे सांगितले आहे, पण चूल कशी पेटत असेल ते आपल्याला वेगळे सांगायला नको. शाळेत त्या गेल्याच नव्हत्या. वाचायला त्यांना टिळकांनीच शिकवले.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य अकराएक अध्यायांवर थांबले होते. त्याचे पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३६ मध्ये त्या वारल्या, आणि दोन वर्षांनी मुलाने, देवदत्त टिळकांनी, ते पुस्तक छापून काढले.