अपोस्टिल
अपोस्टिल हे एका देशाच्या सार्वजनिक दस्तऐवजावरील स्वाक्षरी व शिक्का खरा असल्याची ग्वाही दुसऱ्या देशासाठी देणारे प्रमाणपत्र आहे. ५ ऑक्टोबर १९६१ रोजीच्या हेग करारानुसार ते दिले जाते आणि त्या कराराच्या सदस्य देशांत स्वीकारले जाते. परदेशी शिक्षण, नोकरी, विवाह, वारसाहक्क व नागरिकत्वाच्या अर्जांसाठी त्याची गरज भासते.

पार्श्वभूमी
करारापूर्वी दस्तऐवज परदेशात सादर करण्यासाठी साक्षांकनाची साखळी पार करावी लागे. स्थानिक अधिकारी, वरिष्ठ खाते, परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी संबंधित देशाचा दूतावास अशा क्रमाने प्रत्येक जण आधीच्या स्वाक्षरीची खातरजमा करीत असे. करारामुळे सदस्य देशांपुरती दूतावासाची पायरी रद्द झाली. हा करार २४ जानेवारी १९६५ रोजी अंमलात आला. आज १२० हून अधिक देश त्याचे सदस्य आहेत.

स्वरूप
अपोस्टिल चौरस आकाराचे असून त्याची बाजू किमान ९ सेंटिमीटर असावी, असे कराराच्या नमुन्यात नमूद आहे. शीर्षक फ्रेंच भाषेत असते. त्याखालील दहा क्रमांकित रकान्यांत देश, स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव व पद, शिक्का, ठिकाण, दिनांक, क्रमांक इत्यादी तपशील असतात. अपोस्टिल देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याची नोंदवही ठेवावी लागते, त्यामुळे प्रमाणपत्राचा खरेपणा नंतरही पडताळता येतो.

व्याप्ती व मर्यादा
न्यायालयीन कागदपत्रे, प्रशासकीय दाखले, नोटरीने केलेले दस्त आणि खासगी कागदांवरील अधिकृत प्रमाणन यांना करार लागू होतो. राजनैतिक वा वाणिज्य दूतांनी तयार केलेले दस्तऐवज, तसेच व्यापार व सीमाशुल्काशी थेट संबंधित प्रशासकीय कागदपत्रे वगळलेली आहेत.

अपोस्टिल केवळ स्वाक्षरी, स्वाक्षरीकर्त्याचे पद आणि शिक्का यांविषयी बोलते. मजकुराची सत्यता ते प्रमाणित करीत नाही. दाखल्यातील जन्मतारीख चुकीची असेल, तर अपोस्टिलमुळे ती बरोबर ठरत नाही. पदवीची समकक्षता ठरविण्याचा अधिकारही परदेशी संस्थेकडेच राहतो. करारात अपोस्टिलसाठी मुदत ठरविलेली नाही. मात्र मूळ दाखला अलीकडचा असावा, अशी अट स्वीकारणारे कार्यालय घालू शकते. फक्त मराठीत असलेल्या जुन्या दाखल्यांचे भाषांतर ही स्वतंत्र बाब आहे.

भारतात नेहमीच्या वापरातील ‘सत्यप्रत’ म्हणजे छायाप्रत मूळ कागदाबरहुकूम असल्याचे साक्षांकन होय. ते अपोस्टिलची जागा घेऊ शकत नाही.

भारतातील कार्यपद्धती
भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अपोस्टिल देण्याचा अधिकार परराष्ट्र मंत्रालयाकडे आहे. त्याआधी कागदपत्रांची राज्य पातळीवर पडताळणी होते. शैक्षणिक प्रमाणपत्रे राज्याच्या शिक्षण खात्याकडून, जन्म, विवाह आदी वैयक्तिक दाखले गृह वा सामान्य प्रशासन खात्याकडून, तर व्यापारी कागदपत्रे चेंबर ऑफ कॉमर्सकडून प्रमाणित केली जातात. मंत्रालयासाठी कागदपत्रे स्वीकारण्याचे काम नेमलेल्या सेवासंस्था करतात. डिजिटल नोंदी उपलब्ध असलेल्या कागदपत्रांसाठी ‘ई-सनद’ ही ऑनलाइन सेवा आहे.

सदस्य नसलेले देश व आक्षेप
संयुक्त अरब अमिराती, कतार व कुवेत हे देश कराराबाहेर असल्याने तेथे जाणाऱ्यांना मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचे साक्षांकन घ्यावे लागते. सौदी अरेबियात करार डिसेंबर २०२२ मध्ये, तर कॅनडात जानेवारी २०२४ मध्ये अंमलात आला. नव्या सदस्याच्या प्रवेशाला आक्षेप घेण्याची मुभा करारात आहे. जर्मनीने भारताबाबत असा आक्षेप नोंदविल्याने या दोन देशांमध्ये करार लागू नाही. पोर्तुगाल सदस्य असल्याने, त्या देशाच्या नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्या गोमंतकीयांच्या कागदपत्रांसाठी अपोस्टिल उपयोगी पडते.

इलेक्ट्रॉनिक अपोस्टिल
हेग परिषदेने २००६ मध्ये इलेक्ट्रॉनिक अपोस्टिल कार्यक्रम सुरू केला. त्यात डिजिटल स्वाक्षरीचे अपोस्टिल आणि ऑनलाइन नोंदवही यांचा समावेश आहे.