कोंबडीची पिशवी, बायांचा हात आणि मानमोडी

आज आपण कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीचा इतिहास ऐकणार आहोत. एवढ्याशा पिशवीला कसला इतिहास, असं वाटेल. पण परसातल्या कोंबडीवर घरी काय इलाज करायचा आणि कुठे थांबायचं, हे बायांना कसं कळत गेलं, त्याचाच हा इतिहास आहे.

कोंबडी मूळची आशियातल्या रानातली. उघड्यावर फार वेळ टिपत बसलं तर मुंगूस नाही तर ससाणा टपलेलाच. म्हणून ती भराभर गिळते, दाणे या पिशवीत साठवते आणि मग आडोशाला बसून जिरवते. दळण्याचं काम पुढे पेट्यात होतं. मटणाच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो, तोच हा पेटा. काही पक्ष्यांना पोटाआधी अशी पिशवी असते, हे ग्रीसच्या ॲरिस्टॉटलनं सुमारे २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं.

आपल्याकडे हे हातांनी जपलं. आमच्या गटातल्या वयस्क बाया सांगतात, सकाळी डालगं उचललं की कोंबडीच्या गळ्याखाली बोटं फिरवायची. रात्रीतून पिशवी रिकामी झाली असेल तर कोंबडी बरी. घट्ट गोळा लागला तर लांब गवत, सुतळी किंवा चिंधी अडकली असं समजायचं. मग तेलाचे थेंब, लसूण, कोमट पाणी आणि हलक्या हातानं चोळणं. गंमत म्हणजे रोममध्ये शेतीवर लिहिणाऱ्या कोलुमेलानंही सुमारे २००० वर्षांपूर्वी कोंबडीच्या घशाच्या दुखण्यावर लसूण आणि कोमट तेलच सांगितलं आहे. आपल्या आज्यांनी ते पुस्तक पाहिलंही नव्हतं.

मग या शहाणपणाची परीक्षा पाहणारा रोग आला. १९२७ च्या सुमारास कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत गावी कोंबड्यांची एक साथ नोंदली गेली आणि रोगाला त्या गावाचंच नाव पडलं. आपण त्याला मानमोडी म्हणतो. त्यात हिरवी पातळ विष्ठा होते, धाप लागते, मान वाकडी होते. आणि पुष्कळदा पिशवीही पाण्यानं फुगते. बाईच्या हाताला पिशवी भरलेली लागायची, ती नेहमीप्रमाणे तेल पाजायची, चोळायची. तोवर रोग शेजारच्या डालग्यात पोचलेला असायचा. हाताचं काही चुकत नव्हतं. आजार पिशवीत नव्हताच, पिशवी फक्त सांगत होती.

याचं उत्तर मिळालं ते उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत. ही संस्था मूळची आपल्या पुण्याची. १८८९ मध्ये ती पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. १९४० च्या दशकात तिथे मानमोडीवर लस तयार झाली, आणि मोठ्या कोंबड्यांना ती आजही टोचतात. पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. त्या भागातल्या पोल्ट्रींबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. आजारी पक्षी उघड्या हातानं हाताळू नये, हा धडा तेव्हापासूनचा.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? एकच कोंबडी मलूल असेल, पिशवी घट्ट असेल आणि विष्ठा नेहमीसारखी असेल, तर तिला वेगळी ठेवा. एक दिवस दाणे बंद, पाणी चालू. थोडंसं गोडं तेल पाजून दिवसातून तीन-चार वेळा हलकं चोळा. पिशवी मऊ लागून तोंडाला आंबूस वास येत असेल, तर आत बुरशी वाढलेली असू शकते, तिथे तेल नको, डॉक्टरांना विचारा. उलटी धरून पिशवी रिकामी करू नका, पाणी श्वासनळीत जाऊन कोंबडी दगावते. ब्लेड तर लावूच नका. घट्ट गोळा दोन दिवसांत सुटला नाही, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आणि एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या आजारी पडल्या, तर चोळत बसू नका, त्याच दिवशी कळवा.

राहिली लस. तिची एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, थंड ठेवावी लागते, आणि एकदा मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांची मालकीण एकटी ती कशी आणणार? म्हणून अनेक परसांत लस पोचतच नाही. बचत गटाचं काम इथे आहे. वस्तीतल्या कोंबड्या मोजायच्या, एक दिवस ठरवायचा, वर्गणी काढून कुपी आणायची आणि पशुधन पर्यवेक्षकांना बोलवायचं.

अंड्याचा आणि कोंबडीचा पैसा हा पुष्कळ घरांत बाईच्या हातातला पहिला पैसा. वही-पेन, औषध, माहेरची वाट त्यातूनच निघते. एका कोंबडीसाठी आजीचा हात पुरतो. सगळ्या गल्लीसाठी मात्र सगळ्यांनी मिळून आणलेली कुपीच लागते. येत्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी कोंबड्यांची यादीही ठेवूया.