तेलकट ब्रेक पॅड

मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये तेल, ग्रीस किंवा ब्रेक ऑइल मुरल्याने पकड कमी होण्याचा दोष. लिव्हर नेहमीसारखाच कडक लागतो, पण गाडी वेळेवर थांबत नाही. जोरात ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकाकडे जाते; म्हणून पुढचे पॅड तेलकट होणे विशेष धोक्याचे. एबीएस असली तरी इथे उपयोग नाही. ती चाक जाम होऊ देत नाही, हरवलेले घर्षण परत आणत नाही.

होंडाच्या 1969च्या सीबी 750 या मॉडेलपासून हायड्रॉलिक डिस्क ब्रेक सर्वसामान्य मोटरसायकलींवर रुळू लागला. ड्रमचे लायनर झाकलेले असतात, डिस्क मात्र उघडी फिरते. साखळीवर मारलेला स्प्रे मागच्या डिस्कवर सहज उडतो. पुढे बहुतेकदा दोषी ठरते ते शॉकअपचे ऑइल सील. दांडीवर गंजाचे खड्डे पडले किंवा चिखल वाळून बसला, की सीलची कड फाटते आणि तेल नळीवरून ओघळत थेट कॅलिपरवर येते. कॅलिपरच्या पिस्टनचे सील गेले, तर खुद्द ब्रेक ऑइलच पॅड भिजवते. झाकलेला ड्रमही पूर्ण सुरक्षित नाही: गिअरलेस स्कूटरचे मागचे चाक गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच बसते, आणि तिथले सील गळाले की गिअर ऑइल लायनरपर्यंत पोहोचते.

पॅडचा पृष्ठभाग काळपट, चकचकीत दिसतो. ब्रेक किंचाळतो किंवा थरथरतो.

गॅरेजमध्ये पॅड पॉलिश पेपरवर घासून परत बसवण्याची सवय जुनी आहे. पण पॅडचा माल सच्छिद्र असतो. तेल मुरलेले मडके बाहेरून कितीही घासले तरी चुलीवर चढताच पाझरते, तसेच इथे होते: घासल्यावर पहिले काही ब्रेक बरे लागतात, घाटात पॅड तापले की आतले तेल पुन्हा वर येते. ब्लो टॉर्चने तेल जाळण्याचा उपाय त्याहून वाईट. रेझिनने बांधलेला माल त्यात करपतो, पोलादी पट्टीशी त्याला जोडणारा चिकट थर कमजोर होतो आणि माल सुटून येण्याची भीती राहते. धातूची भुकटी तापवून घडवलेले सिंटर्ड पॅड उष्णता जास्त सोसतात, तरी आतले सगळे तेल निघाले याची खात्री त्यांच्याबाबतही देता येत नाही. तेल मुरलेले पॅड बदलणे हाच भरवशाचा इलाज, आणि कॅलिपरमधले दोन्ही पॅड एकदमच बदलावेत.

त्याआधी गळती थांबवावी लागते. नाहीतर नवे पॅडही भिजतात. डिस्क आणि कॅलिपर ब्रेक क्लीनरने धुऊन, दरवेळी नवे फडके घेऊन पुसतात. पेट्रोल टाळावे: आगीचा धोका असतोच, शिवाय त्यातले अंश मागे राहू शकतात. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावे लागतात. त्यामुळे गाडी हलवण्यापूर्वी लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करणे अत्यावश्यक आहे. हे विसरले तर पहिला ब्रेक रिकामा जातो.

नवे पॅड डिस्कवर बसायलाही वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून बेताचा ब्रेक लावून वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, मध्ये डिस्क थंड होऊ द्यावी आणि असे अनेकदा करावे. पुढचे काही दिवस शॉकअपच्या दांडीवरून कोरडा कागद फिरवून पाहावा. तो ओला झाला, तर सील अजून गळतेच आहे.