तासगावच्या मित्राला म्हैसूर दाखवताना

म्हैसुरात स्थायिक झालेल्या मराठी घरांना दसरा, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना या तिन्ही वेळी एक काम ठरलेले असते, ते म्हणजे गावाकडून आलेल्या पाहुण्यांना म्हैसूर दाखवणे. आपल्या मंडळातल्या बहुतेकांना हा कार्यक्रम तोंडपाठ आहे. सकाळी चामुंडी टेकडी, मग झू, दुपारी राजवाडा, संध्याकाळी वृंदावन गार्डनची कारंजी आणि घरी परतताना म्हैसूरपाक, चंदनाचा साबण, जमल्यास एखादी रेशमी साडी. एकतीस वर्षांत मी हा कार्यक्रम किती वेळा पार पाडला याचा हिशेब आमच्या घरात फक्त सौभाग्यवतींकडे आहे, कारण डबा त्याच भरून देतात.

गेल्या डिसेंबरात मात्र आलेला पाहुणा वेगळ्या जातकुळीचा निघाला. माझा शाळासोबती, तासगावचा. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेला, म्हणून आम्ही सगळे त्याला मास्तरच म्हणतो. मिरजेहून शरावती एक्स्प्रेसने आला आणि चहाचा कप हातात घेतल्या घेतल्या म्हणाला, "कारंजी-बिरंजी नंतर बघू. आपली माणसं इथं कुठं कुठं आली होती, ते आधी दाखव." पुढचे चार दिवस आम्ही जे पाहिले, त्यातले काही आपल्या वाचकांच्या पाहुण्यांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

पहिला राजवाडा. त्याची हकिगत सगळ्यांना माहीत आहे. १८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नसमारंभात जुना लाकडी वाडा जळाला आणि हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने नवा बांधला. काम १९१२ मध्ये पूर्ण झाले. गाईड मंडळी सुमारे लाखभर दिव्यांचे कौतुक सांगतात, दरबार हॉलचे खांब दाखवतात. कोणी सांगत नाही ते असे, की या बांधकामाच्या अखेरच्या वर्षांत संस्थानचे जे दोन दिवाण होऊन गेले ते दोघेही तंजावरकडच्या मराठी घराण्यांतले होते. १९०६ ते १९०९ व्ही. पी. माधवराव आणि १९०९ ते १९१२ टी. आनंदराव. आनंदरावांचे वडील म्हणजे सर टी. माधवराव, ज्यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. बंगळूरच्या आनंदराव सर्कलमधून आपण शेकडो वेळा गेलो असू, पण हे आनंदराव कोण, हे किती जणांना ठाऊक आहे? मास्तरने वही काढली आणि लिहून घेतले.

दुपारी जगनमोहन पॅलेस. १८६१ मधली ही इमारत, १९१५ पासून येथे चित्रसंग्रह आहे. राजा रविवर्म्याची चित्रे पाहायला लोक येतात आणि गर्दी करतात ती मात्र एका काळोख्या खोलीत. तिथे हातात दिवा घेतलेली एक तरुण स्त्री उभी आहे. बोटांच्या फटींतून प्रकाश झिरपतो, तो चेहऱ्यावर आणि साडीच्या काठावर पडतो. आमच्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ आपल्या मुलाला सांगत होते, "हे रविवर्म्याचं सगळ्यात चांगलं चित्र." मास्तरही मान डोलवू लागला. मी त्याला खालची पाटी वाचायला लावली.

हे चित्र रविवर्म्याचे नाही. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे. जन्म १८८२, सावंतवाडीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. आणि १९०८ मध्ये मुंबईतच त्यांनी स्वतःची कलासंस्था काढली. दिवा घेतलेली स्त्री म्हणजे त्यांची कन्या गीता. चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे, आणि विशेष म्हणजे ते तैलरंगात नसून जलरंगात आहे. जलरंगात चूक झाली तर ती पुसता येत नाही, वरून दुसरा रंग चढवून झाकताही येत नाही. काळोख आणि प्रकाश यांचा असा खेळ पाण्याच्या रंगात करणे किती अवघड, हे ज्याने शाळेत चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आहेत त्याला कळेल. गीताबाई पुढे कोल्हापूरला राहिल्या आणि २०१८ मध्ये वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी निवर्तल्या. मास्तर हे ऐकून थक्क झाला. "म्हणजे ही बाई माझ्या गावापासून दोन तासांवर राहत होती आणि मी हिला इथं येऊन पाहतोय!" माझी आपली साधी सूचना आहे. आपण पाहुण्यांना घेऊन जाऊ तेव्हा निदान एवढे नाव तरी बरोबर सांगावे. रविवर्म्याला कीर्तीची काही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी चामुंडी. पायऱ्यांनी चढलो, वाटेतला सतराव्या शतकातला मोठा नंदी पाहिला. वर गोपुरासमोर मास्तर थांबला आणि म्हणाला, "अरे, हे तर आमच्या गणपतीसारखं आहे!" ज्यांनी तासगाव पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. तासगावच्या गणपती मंदिराला दाक्षिणात्य धाटणीचे सात मजली गोपुर आहे, महाराष्ट्रात असे सहसा दिसत नाही. ते मंदिर परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ मध्ये बांधायला घेतले आणि १७९९ मध्ये ते पुरे झाले. कर्नाटकातल्या स्वाऱ्यांत भाऊंनी गोपुरे पाहिली आणि तसेच आपल्या गणपतीला हवे असे मनात घेतले, असे तासगावात सांगतात. चामुंडीचे गोपुर मुम्मडी कृष्णराजांनी १८२७ मध्ये उभारलेले. म्हणजे तासगावचे त्याहून अठ्ठावीस वर्षांनी जुने. हे कळल्यावर मास्तरची छाती जी फुगली ती खाली उतरेपर्यंत तशीच होती.

त्या संध्याकाळी कारंजी पाहिलीच. पण वृंदावन गार्डनमध्ये जाताना मी त्याला कृष्णराजसागर धरणाच्या भिंतीजवळ जरा थांबवले. १९११ मध्ये सुरू होऊन वीस वर्षे चाललेले हे काम, भिंतीच्या दगडांत सिमेंटऐवजी सुरखी. विश्वेश्वरय्यांचे नाव येथे सर्वतोमुखी आहे, पण त्यांची घडण पुण्याची, हे आपण सांगायला हवे. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरले आणि नाशिक, खानदेश, पुणे येथे त्यांची उमेदीची वर्षे गेली. पाणी ठरावीक पातळीवर चढले की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३ मध्ये प्रथम खडकवासल्याला बसवले, आणि तीच युक्ती पुढे कावेरीवर आली. टी. आनंदरावांनंतर १९१२ मध्ये दिवाण झाले ते हेच.

आता श्रीरंगपट्टण. येथे इतिहासाच्या शिक्षकाला दिवस पुरत नाही. रंगनाथस्वामींचे दर्शन घेतले, टिपू जिथे ४ मे १७९९ रोजी पडला ती जागा पाहिली, दर्या दौलत बागेतली पोल्लिलूरच्या लढाईची भित्तिचित्रे पाहिली. नदीवरचा दगडी वेलस्ली पूल दाखवला. १८०४ मध्ये दिवाण पूर्णय्यांच्या देखरेखीखाली बांधलेला. पूर्णय्या देशस्थ माध्व घराण्यातले. हैदर आणि टिपू या दोघांचा खजिना त्यांनी सांभाळला आणि टिपूनंतर वडियारांचे राज्यही त्यांनीच उभे केले. हैदराच्या दफ्तरात हिशेब कानडीबरोबर मराठीतही ठेवले जात. तेव्हा म्हैसुरात मराठी आपल्यापासून सुरू झाली असे कोणी समजू नये. गलाईवाले, बँकवाले, सीएफटीआरआयवाले आणि आताचे सॉफ्टवेअरवाले येण्याच्या कितीतरी आधी ती कारकुनांच्या बोरूतून येथे आली होती.

मास्तरला मात्र कारकून नको होते, घोडेस्वार हवे होते. तेही सांगितले. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस येथवर आला, पण फौजेला धान्य नाही, बैल मेलेले, म्हणून वेढ्याच्या तोफा स्वतःच फोडून त्याला माघारी वळावे लागले. त्याच वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंची फौज त्याला अचानक भेटली. टिपूच्या स्वारांनी जासूद वाटेतच अडवल्यामुळे ते इतक्या जवळ आल्याची इंग्रजांना बातमीच नव्हती. मराठी छावणीतल्या बाजारात धान्यापासून काश्मिरी शालींपर्यंत सगळे होते. भुकेल्या इंग्रजी फौजेला धान्य मिळाले, दामदुप्पट भावाने! पुढच्या फेब्रुवारीतल्या वेढ्यात हरिपंत हजर होते, भाऊ शिमोग्याकडे गेले होते ते उशिरा पोचले. मार्च १७९२ च्या तहात टिपूने निम्मे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये देण्याचे कबूल केले, दोन मुलगे ओलीस दिले. निम्म्या राज्याचे तीन वाटे झाले, त्यातला एक पेशव्यांचा.

"हे आमच्याकडं पोरांना नीट शिकवतच नाहीत," मास्तर म्हणाला. मी म्हटले, उद्या मेलकोट्याला जाऊ, मग बोलू.

मेलकोटे म्हैसूरपासून पन्नासेक किलोमीटर. वाटेत पांडवपूर लागते, ज्याला इंग्रज फ्रेंच रॉक्स म्हणत. तिथून वळून तोण्णूरचे मोठे तळे पाहिले. निजामाचा मुलगा नासिरजंग याने त्याला मोती तलाव नाव दिले आणि मराठी बखरी-पत्रांत तेच येते. मार्च १७७१ मध्ये येथे चिनकुरळीजवळ त्रिंबकराव पेठ्यांनी हैदराचा दणदणीत पराभव केला. थोरले माधवराव आजारी पडून परत फिरले होते, मोहीम मामांकडे होती. हैदर मेलकोट्याच्या डोंगरातून रात्री निसटून श्रीरंगपट्टणला जाऊ पाहत होता, तो या तळ्यापाशी गाठला गेला. तोफा, हत्ती, घोडे सगळे मराठ्यांच्या हाती आले. हैदर स्वतः मात्र निसटला. पुढे श्रीरंगपट्टणला वेढा पडला, पण ते पडले नाही. तळ्याकाठी मास्तरने चपला काढल्या आणि पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसला.

मग मेलकोटे. रामानुजाचार्यांचे वास्तव्य झालेले क्षेत्र, चेलुवनारायणाचे देऊळ, वर टेकडीवर योगनरसिंह, खाली कल्याणीचे पाणी. देवळाच्या आवारात बसून मी त्याला सांगितले की चिनकुरळीच्या विजयानंतर आपली फौज येथे आली. गाव लुटले गेले. देवाचे मोठमोठे लाकडी रथ होते, त्यांना आग लावली, ती त्यातले लोखंड काढून घेण्यासाठी. राईस यांच्या म्हैसूरच्या गॅझेटियरमध्ये हे नोंदलेले आहे.

मास्तर काही बोलला नाही. तासगावला ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो. दोरखंड धरून हजारो माणसे तो काशीविश्वेश्वरापर्यंत ओढत नेतात आणि परत आणतात. मास्तरने लहानपणापासून तो दोर धरला आहे. शेवटी म्हणाला, "ते पेठ्यांच्या वेळचं. भाऊंनी असं केलं नसतं."

येथे गप्प बसणे सोपे होते. पाहुणा चार दिवसांचा, त्याचे मन का मोडा? पण तो इतिहासाचा शिक्षक आणि मी या मुलखाचे मीठ तीस वर्षे खाल्लेला. शेजारपाजारच्या घरांत ही गोष्ट आपल्याविषयी सांगितली जाते आणि ती आपल्यालाच माहीत नसावी, हे मला बरे वाटत नाही. म्हणून शृंगेरीचे सांगितले. १७९१ मध्ये पटवर्धनांच्या फौजेतल्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसे मारली, शारदेची मूर्ती जागची हलवली. स्वामींना कार्कळला जावे लागले. त्यांनी टिपूला पत्र लिहिले आणि टिपूने मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी पैसा आणि धान्य पाठवले. टिपूची ती पत्रे मठात १९१६ मध्ये सापडली. याच टिपूने कोडगू आणि मलबारात काय केले ते वेगळे, त्याने हे खोटे ठरत नाही.

"ते लमाण-पेंढाऱ्यांनी केलं," मास्तर म्हणाला. "फौजेमागून येतात, लुटतात. भाऊंना त्याचं वाईट वाटलं होतं."

"असेलही. पण फौज कुणाची होती?"

मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तरातली पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापायला घेतली ती १८९७ मध्ये. मास्तरच्या शाळेच्या कपाटात ते खंड आहेत. "गेल्यावर पुन्हा वाचतो," एवढेच म्हणाला. मग आम्ही देवळाबाहेर पुळियोगरे खाल्ले. मेलकोट्याचे पुळियोगरे प्रसिद्ध आहे आणि चिंचेच्या बाबतीत आपली आमटी त्याच्यापुढे काहीच नाही, हेही त्याने मान्य केले.

भाऊ वारले ते सप्टेंबर १७९९ मध्ये, टिपूनंतर साडेचार महिन्यांनी. त्याच वर्षी त्यांच्या मुलाच्या हातून तासगावचे देऊळ पुरे झाले. परतीच्या वाटेवर मास्तर यावरच बोलत होता, की गोपुर बांधणारा आणि शृंगेरीची लूट ज्याच्या नावावर आहे तो, ही दोन माणसे नव्हेत, एकच आहे, आणि नववीच्या वर्गात हे कसे सांगावे. मी म्हटले, तू निवृत्त झालास ना? तर म्हणाला, "नातू आहे की."

त्याचे परतीचे तिकीट रविवारचे होते. ते रद्द करून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला शृंगेरीच्या बसमध्ये बसवून दिले.